विक्रीस ठेवलेले नागरिकत्व

वानुआतू या देशाचे नाव आपल्याकडील सर्वसामान्य वृत्तपत्रवाचकाच्या कानावर पडले ते बहुधा २०२५ च्या मार्च महिन्यात. इंडियन प्रीमियर लीगचे एके काळचे सूत्रधार श्री. ललित मोदी यांनी लंडनच्या भारतीय उच्चायुक्तालयात आपले भारतीय पारपत्र परत करण्याचा अर्ज दिला असून पॅसिफिक महासागरातील या द्वीपराष्ट्राचे नागरिकत्व त्यांनी मिळविले आहे, असे आपल्या परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्याने ७ मार्च रोजी जाहीर केले. त्यानंतर तीनच दिवसांनी वानुआतूचे पंतप्रधान श्री. जोथम नापाट यांनी ललित मोदी यांचे पारपत्र रद्द करण्याची कार्यवाही ताबडतोब सुरू करावी, असा हुकूम तेथील नागरिकत्व आयोगाला सोडला. अर्ज आला त्या वेळी केलेल्या तपासणीत अर्जदाराला कोठे शिक्षा झाल्याचे आढळले नव्हते. त्याच्याविरुद्ध इशारा प्रसृत करण्याची भारताची विनंती इंटरपोलने पुरेशा पुराव्याअभावी दोनदा नाकारली होती, ही गोष्ट आपणास गेल्या चोवीस तासांतच समजली, असा खुलासा नापाट यांनी केला. प्रत्यार्पण चुकविणे हे नागरिकत्व मागण्याचे रास्त कारण होऊ शकत नाही, असेही त्यांनी बजावले. ललित मोदी यांनी आपल्यावरील आरोप नाकारले आहेत आणि त्यांचा निकाल लावणे हे न्यायालयांचे काम आहे. आम्हाला येथे विचार करावयाचा आहे तो दुसऱ्याच प्रश्नाचा. ज्या नागरिकत्वाची घडी अशी सहज घालता येते आणि तितक्याच सहज मोडता येते, त्याचे मोल काय समजावयाचे? या प्रश्नाचे उत्तर वानुआतूच्या बाबतीत डॉलरच्या आकड्यात देता येते, हेच या प्रकरणातील खरे दुर्दैव आहे.

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येस, फिजीच्या पश्चिमेस पसरलेला हा ८३ बेटांचा देश. क्षेत्रफळाने तो आपल्या सोलापूर जिल्ह्याहूनही काहीसा लहान आहे. लोकसंख्या २०२० च्या शिरगणतीप्रमाणे तीन लाखांच्या घरात. एवढ्याशा वस्तीत शंभराहून अधिक भाषा बोलल्या जातात आणि त्या सर्वांना एकत्र बांधणारी बिस्लामा ही राष्ट्रभाषा मळ्यांवरील मजुरांच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीतून घडली आहे. या देशाची पारपत्रे विकली जातात, यावर हसणे सोपे आहे. परंतु हसण्यापूर्वी या लोकांना नागरिकत्व मुळात कधी आणि कसे मिळाले हे पाहिले पाहिजे.

कॅप्टन कुकने १७७४ साली या बेटांना न्यू हेब्रिडीज हे नाव दिले. पुढे इंग्रज आणि फ्रेंच असे दोन्ही मळेवाले तेथे येऊन बसले. कोणी कोणाला हाकलावे याचा निकाल लागेना, तेव्हा १९०६ साली उभय साम्राज्यांनी एक अजब तोड काढली. बेटांवर दोघांचीही सत्ता राहील असे ठरले. जगाच्या इतिहासात अशा संयुक्त स्वामित्वाची उदाहरणे थोडी आहेत आणि इतके हास्यास्पद उदाहरण तर दुसरे नसावे. दोन रेसिडेंट कमिशनर, दोन गणवेषांचे पोलीस, दोन प्रकारचे कायदे, दोन प्रकारच्या शाळा, दोन दवाखाने, दोन चलने आणि दोन तुरुंग! फ्रेंचांच्या तुरुंगातील जेवण अधिक रुचकर असते अशी त्या काळी ख्याती होती म्हणतात. तिसऱ्या देशाचा मनुष्य बेटावर उतरला की त्याने इंग्रजी कायद्याखाली राहावयाचे की फ्रेंच, याची निवड करावयाची. दोघांत तंटा झाला तर निवाडा करण्यासाठी एक संयुक्त न्यायालय होते आणि त्याचा अध्यक्ष नेमण्याचा अधिकार होता स्पेनच्या राजाकडे! इंग्रजीत या कारभाराला लोक ‘काँडोमिनियम’ ऐवजी ‘पँडेमोनियम’, म्हणजे निव्वळ धुमाकूळ, म्हणत असत ते उगीच नव्हे.

परक्याला निवड होती. निवड नव्हती ती फक्त त्या मातीतल्या माणसाला. तो इंग्रजांचा प्रजाजन नव्हे आणि फ्रान्सचा नागरिकही नव्हे. दोन्ही राष्ट्रांनी त्याच्यावर राज्य केले, त्याच्या जमिनी घेतल्या, त्याला आपापल्या पंथाचे बाप्तिस्मे दिले. परंतु त्याला आपला म्हणून पत्करण्यास दोघांपैकी एकही तयार नव्हता. कायद्याच्या भाषेत तो राष्ट्रहीन होता. परदेशी जावयाचे झाल्यास त्याला पारपत्र मिळत नसे. दोन्ही रेसिडेंट कमिशनरांच्या सह्या असलेला ओळखीचा एक कागद तेवढा मिळे. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो अशी आपल्याकडे म्हण आहे. येथे तर घरचा धनीच दोन पाहुण्यांच्या मध्ये उपाशी राहिला, आणि तोही थोडाथोडका नव्हे, चौऱ्याहत्तर वर्षे!

३० जुलै १९८० रोजी हे राज्य संपले. फादर वॉल्टर लिनी या अँग्लिकन धर्मोपदेशकाच्या नेतृत्वाखाली देश स्वतंत्र झाला आणि त्याने वानुआतू हे नवे नाव धारण केले. एस्पिरितु सान्तो बेटावर जिमी स्टीव्हन्स याने केलेले बंड मोडण्यासाठी नवजात सरकारला पापुआ न्यू गिनीचे सैन्य बोलवावे लागले. त्या बंडामागे करमुक्त राज्याची स्वप्ने पाहणारी अमेरिकेतील काही धनिक मंडळीही होती, ही गोष्ट पुढील कथेच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

या लोकांनी स्वतःसाठी जी घटना लिहिली ती वाचली म्हणजे त्यांना काय सलत होते ते स्पष्ट कळते. प्रजासत्ताकातील सर्व जमीन परंपरागत मूळ मालकांची व त्यांच्या वंशजांची आहे, असे घटनेचे ७३ वे कलम सांगते. परक्याने, मग तो कितीही धनाढ्य असो, जमीन भाडेपट्ट्याने घ्यावी. ती कायमची त्याची होणे नाही. नागरिकत्वाच्या बाबतीतही तीच दक्षता होती. ज्याचे चारही आजीआजोबा या भूमीतील कुळांचे, तो आपोआप नागरिक झाला. ज्याच्या अंगात येथील रक्त आहे आणि ज्याला दुसरे कोणतेही राष्ट्रीयत्व नाही, तोही झाला. बाहेरच्याला नागरिक व्हावयाचे तर त्याने सलग दहा वर्षे या देशात राहिले पाहिजे, अशी अट घातली गेली. आणि दुहेरी नागरिकत्व तर घटनेने साफ नाकारले होते. पाऊण शतक दोन धन्यांच्या कात्रीत सापडलेल्या समाजाने ‘एक माणूस, एक देश’ असा आग्रह धरावा, यात आश्चर्य ते काय?

यांपैकी जमिनीचे कुलूप आजही शाबूत आहे. नागरिकत्वाचे कुलूप मात्र उघडले गेले आणि ते घरच्याच माणसांनी उघडले. २०१३ साली घटनादुरुस्ती करून दुहेरी नागरिकत्वाला वाट देण्यात आली. त्यापाठोपाठ गुंतवणुकीच्या, देणगीच्या, विकासनिधीच्या नावाखाली एकामागून एक योजना निघाल्या. २०१७ पासून चाललेल्या मुख्य योजनांत एकट्या अर्जदाराने सुमारे १,३०,००० डॉलर, म्हणजे आपले एक कोटीहून अधिक रुपये, मोजले की एकदोन महिन्यांत तो वानुआतूचा नागरिक होत असे. दहा वर्षांच्या वास्तव्याची जागा दोन महिन्यांच्या पत्रव्यवहाराने घेतली. शपथदेखील परदेशात घेता येई. ज्या देशाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यावयाची त्या देशाचा किनारा दृष्टीस पडण्याची आवश्यकता नव्हती. ज्या भूमीची एक गुंठा जागा घटना परक्याला विकू देत नाही, त्या भूमीचे नागरिकत्व हाँगकाँगच्या अगर दुबईच्या दलालाकडे मिळू लागले.

हे का झाले? केवळ राज्यकर्त्यांच्या लोभाने झाले, असे म्हणणे अर्धसत्य होईल. वानुआतूमध्ये प्राप्तिकर नाही. परकीय भांडवल आकर्षून घेण्यासाठी इंग्रज अमदानीच्या अखेरीस तो देश करचुकव्यांचे आश्रयस्थान म्हणून घडविण्यात आला, त्याचा हा वारसा. खोबरे, कावा, गोमांस आणि पर्यटन यांवर चालणारा संसार. अशा देशावर २०१५ च्या मार्चमध्ये ‘पॅम’ हे चक्रीवादळ कोसळले आणि वर्षभराच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक रकमेचे नुकसान करून गेले. २०२० मध्ये ‘हॅरोल्ड’ आले. २०२३ च्या मार्चमध्ये ‘ज्युडी’ आणि ‘केव्हिन’ ही दोन वादळे दोन दिवसांच्या अंतराने आली. अर्थमंत्र्याच्या हातात करांचे साधन नाही, परदेशी मदत अटींसह येते आणि दलाल मात्र रोख घेऊन दारात उभा आहे! २०२० च्या सुमारास सरकारी उत्पन्नाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग पारपत्रांच्या विक्रीतून येत होता, आणि महासाथीत पर्यटन बंद पडले असताना याच पैशावर सरकारी पगार होत राहिले. गरजवंताला अक्कल नसते असे आपण म्हणतो. वानुआतूच्या राज्यकर्त्यांजवळ अक्कल होती, फक्त तिच्याजवळ वेळ नव्हता.

तथापि गरज मान्य केली तरी ग्राहक कोण होता, हा प्रश्न उरतोच. ज्याला स्वच्छ हवा आणि निळा समुद्र हवा असतो तो पर्यटक म्हणून येतो, महिनाभर राहतो आणि जातो. कोटीभर रुपये मोजून, देश न पाहता, त्याचे पारपत्र घेणाऱ्याला त्या देशाशी कर्तव्य नसते. त्या पारपत्रावर ज्या दुसऱ्या देशांची दारे उघडतात त्यांच्याशी असते. २०१५ च्या मे महिन्यात युरोपीय संघाने वानुआतूशी करार करून तेथील नागरिकांना व्हिसावाचून प्रवेश दिला होता. दलालांच्या जाहिरातींत याच सवलतीचा डांगोरा असे. म्हणजे विकला जाणारा माल वानुआतूचा नव्हताच. दुसऱ्याच्या घराची किल्ली आपल्या दुकानात मांडून ठेवावी, असा हा व्यापार होता. युरोपीय आयोगाने चौकशी केली तेव्हा असे दिसून आले, की अर्ज नामंजूर होण्याचे प्रमाण जवळजवळ शून्य आहे, तपासणीला दिलेला वेळ हास्यास्पद आहे आणि इंटरपोलच्या यादीत नावे असलेल्यांनाही पारपत्रे मिळाली आहेत.

मग दारे मिटू लागली. २०२२ च्या मे महिन्यात युरोपने २०१५ नंतर दिलेल्या पारपत्रांपुरती सवलत स्थगित केली. २०२३ च्या फेब्रुवारीपासून ती स्थगिती सर्व पारपत्रांना लागू झाली. त्याच वर्षी जुलैत ब्रिटनने वानुआतूच्या नागरिकांवर व्हिसाची सक्ती केली. २०२४ च्या डिसेंबरात युरोपीय संघाने सवलत कायमची काढून घेतली. या पायऱ्यांपैकी पहिली न्याय्य होती, कारण तिने विकत घेतलेली आणि जन्माने मिळालेली पारपत्रे यांत काही तरी फरक केला होता. पुढच्या पायऱ्यांनी तोही ठेवला नाही. सुक्याबरोबर ओलेही जळाले. तान्ना बेटावरच्या ज्या शेतकऱ्याने कोणाला काही विकले नाही, ज्याच्या वाट्याला त्या विक्रीतला छदामही आला नाही, त्याच्या मुलाला आज पॅरिसला शिकावयास जाण्यापूर्वी व्हिसासाठी तिष्ठावे लागते. विकत घेणाऱ्याचे काय बिघडले? त्याच्याजवळ दुसरे पारपत्र होतेच. तिसरे तो आणखी कोठून तरी घेईल.

पैशाचा हिशेब मागणारे सरकार तरी स्थिर असावे! ५२ सभासदांच्या तेथील संसदेत अविश्वासाचे ठराव हा नित्याचा खेळ झाला आहे. २०२३ या एका वर्षात तीन पंतप्रधान झाले. २०१५ मध्ये तर चौदा संसदसदस्य लाचलुचपतीच्या खटल्यात दोषी ठरले. राष्ट्राध्यक्ष परदेशी गेले होते आणि त्यांच्या जागी काम पाहणारे सभापती त्या दोषींपैकीच एक होते. त्यांनी अधिकाराचा उपयोग कसा करावा? स्वतःला व सहकाऱ्यांना माफी देऊन टाकली! राष्ट्राध्यक्ष बाल्डविन लॉन्सडेल परत आले आणि त्यांनी ती माफी रद्द केली. दोषी मंडळी तुरुंगात गेली. हा प्रसंग आम्ही त्या देशाची टवाळी म्हणून सांगत नाही. तीन लाखांच्या देशात न्यायाधीश आणि राष्ट्राध्यक्ष सत्ताधाऱ्यांना तुरुंगात धाडू शकतात, हे कित्येक मोठ्या लोकशाह्यांना लाजविणारे आहे. २०२४ च्या मे महिन्यात सार्वमत घेऊन त्यांनी पक्षांतरबंदी घटनेत घातली. हे औषध आपण १९८५ पासून घेत आहोत. त्याचा गुण किती येतो हे महाराष्ट्रातील वाचकांस निराळे सांगावयास नको.

आणि वानुआतूला नीतीचे धडे देणाऱ्या युरोपचे हात तरी कोठे स्वच्छ आहेत? युरोपीय संघाचाच सभासद असलेला माल्टा वर्षानुवर्षे पैसे घेऊन नागरिकत्व देत होता. २०२५ च्या २९ एप्रिलला युरोपीय न्यायालयाने तो व्यवहार बेकायदा ठरविला, तेव्हा कोठे तो थांबला. सायप्रसने तर २०२० मध्ये गाजावाजा झाल्यावर आपले दुकान बंद केले. माल्टा चूक करीत होता म्हणून त्याच्या सर्व नागरिकांना पॅरिसच्या विमानतळावर अडविण्यात आले नाही. अमेरिकेने २०२५ मध्ये दहा लाख डॉलरच्या देणगीच्या मोबदल्यात वास्तव्याचा परवाना देण्याची योजना काढली, तिला तर खुद्द राष्ट्राध्यक्षांनीच ‘गोल्ड कार्ड’ असे नाव दिले. श्रीमंताने विकले की ते गुंतवणुकीचे धोरण ठरते. गरिबाने विकले की सुरक्षिततेला धोका! ज्या दोन सत्तांनी या लोकांना चौऱ्याहत्तर वर्षे राष्ट्रहीन ठेवले, त्यांतील एक सत्ता युरोपीय संघातून आणि दुसरी संघाबाहेरून त्यांच्या नागरिकत्वाची प्रत पारखीत बसली आहे, यातील विडंबन कोणाच्या ध्यानात आल्याचे दिसत नाही.

परंतु दुसऱ्याचा दांभिकपणा हे आपल्या चुकीचे समर्थन होत नाही. वानुआतूच्या बाबतीत ही चूक अधिक खेदकारक वाटते, कारण त्या देशाची नैतिक पुंजी लहान नाही. पोर्ट व्हिला येथे शिकणाऱ्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी २०१९ साली एक कल्पना काढली. हवामानबदलाबाबत राष्ट्रांची कायदेशीर कर्तव्ये कोणती, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारावे. वानुआतूच्या सरकारने ती उचलून धरली, २०२३ च्या मार्चमध्ये राष्ट्रसंघाच्या आमसभेकडून तसा ठराव एकमताने मंजूर करून घेतला आणि २३ जुलै २०२५ रोजी हेगच्या न्यायालयाने राष्ट्रांवर अशी कर्तव्ये आहेत असा अभिप्राय दिला. अण्वस्त्रे नाहीत, आरमार नाही, तेल नाही; केवळ शब्दाच्या बळावर एवढ्याशा देशाने हे साधले. ज्याच्या शब्दाला हेगमध्ये मान मिळतो त्याच्या पारपत्रावरील शिक्क्याला ब्रुसेल्समध्ये किंमत नसावी, ही विसंगती त्या देशाला फार काळ परवडणारी नाही.

दरम्यान मोठ्या सत्तांची त्या राजधानीत दाटी होऊ लागली आहे. ब्रिटनने २०१९ मध्ये आपली वकिलात पुन्हा उघडली. अमेरिकेने २०२४ च्या जुलैत प्रथमच उघडली. चीनने त्याच महिन्यात नवा अध्यक्षीय प्रासाद बांधून वानुआतूच्या हवाली केला. त्याच वर्षी १७ डिसेंबरला ७.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स व न्यूझीलंड या चौघांच्या कचेऱ्या ज्या एका इमारतीत होत्या तिचा तळमजला चेपला गेला. चौदा माणसे त्या भूकंपात दगावली. विमानतळ प्रवासी विमानांना काही दिवस बंद होता. परदेशी प्रवाशांना सोडविण्यासाठी लष्करी विमाने आणावी लागली. त्या देशाची स्वतःची विमान कंपनी, एअर वानुआतू, आधीच मे महिन्यात दिवाळखोरीच्या दारात जाऊन पडली होती आणि तेव्हाही प्रवासी ठिकठिकाणी अडकले होते. प्रवासाचे परवाने जगभर विकणाऱ्या देशाला स्वतःच्या माणसांच्या प्रवासाची सोय करता येऊ नये!

या सर्वांत ऑस्ट्रेलियाचे प्रकरण अधिक विचार करण्यासारखे आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तान्ना बेटावरील यासुर ज्वालामुखीच्या सान्निध्यात उभय देशांनी ‘नाकामाल’ कराराच्या मसुद्यावर आद्याक्षरे केली. नाकामाल म्हणजे गावातील सल्लामसलतीची जागा, आपल्याकडील चावडीच म्हणा ना! दहा वर्षांत पन्नास कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर देण्याचे ठरले होते. सप्टेंबरात ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान अल्बानीज पोर्ट व्हिलाला गेले, परंतु त्या भेटीत स्वाक्षऱ्या होऊ शकल्या नाहीत. महत्त्वाच्या बांधकामांना दुसऱ्या कोणाचा पैसा घेण्यावर बंधन येईल, ही वानुआतूची धास्ती त्याला मुख्यतः कारणीभूत झाली. तिच्या जोडीला नापाट यांची एक आग्रहाची मागणी होती, ती म्हणजे आपल्या नागरिकांना ऑस्ट्रेलियात व्हिसावाचून जाता यावे. ही मागणी समजून घ्यावयाची तर थोडे मागे गेले पाहिजे. १८६३ ते १९०४ या काळात पॅसिफिक बेटांवरून सुमारे ६२,००० माणसे क्वीन्सलँडच्या उसाच्या मळ्यांवर नेण्यात आली, काही फसवून, काही पळवून. त्यांत न्यू हेब्रिडीजची फार मोठी संख्या होती. गोऱ्यांचा ऑस्ट्रेलिया करण्याचे ठरताच त्यांतल्या बहुतेकांना जहाजांत घालून परत धाडण्यात आले. फिजीला गेलेल्या आपल्या गिरमिटियांची कहाणी ज्यांना ठाऊक आहे त्यांना या दुःखाची जात ओळखता येईल. आज वानुआतूची हजारो माणसे हंगामी मजूर म्हणून ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये फळे तोडावयास जातात आणि त्यांनी घरी पाठविलेल्या पैशांवर गावे उभी राहतात. त्यांच्यासाठी व्हिसाची अट सुटावी, ही मागणी सर्वथा न्याय्य आहे. मात्र ज्या पारपत्रावर फळे तोडणारा मजूर येणार त्याच पारपत्रावर न पाहिलेल्या देशाची शपथ घेतलेला धनिकही येऊ शकतो, ही शंका कॅनबेराच्या मनात राहणारच. ती नुसत्या भाषणांनी दूर होणार नाही. विक्री थांबविणे, अगर निदान विकत दिलेल्या नागरिकत्वाला निराळे पारपत्र देणे, याखेरीज नापाट यांच्या हाती दुसरा उपाय आम्हाला दिसत नाही.

राहता राहिला आपला भारत. आपल्या घटनेला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यान्वये परदेशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारताचे तत्क्षणी संपते. पारपत्र परत करणे हा त्यानंतरचा उपचार आहे. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व म्हणजे एखादी जादा विमापॉलिसी, अशी समजूत मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू घरांत रुजू पाहत आहे. अशी घरे पारपत्रांच्या दलालांच्या आवडीची गिऱ्हाइके आहेत आणि दलाल हे कलम मोठ्या अक्षरांत छापीत नाहीत. शिवाय मुंबईला या व्यापाराची झळ पूर्वीच लागली आहे. पंजाब नॅशनल बँकेच्या येथील शाखेतील हजारो कोटींचे प्रकरण २०१८ च्या आरंभी उघडकीस आले, तेव्हा मेहुल चोक्सी यांनी काही महिने आधीच कॅरिबियन समुद्रातील अँटिग्वाचे नागरिकत्व घेऊन ठेवले होते. महासागर निराळा असला तरी व्यापार तोच आहे.

पोर्ट व्हिलात भारताची स्वतःची वकिलात नाही. परंतु २०१४ पासून पॅसिफिक द्वीपराष्ट्रांशी आपण एका मंचावर बसतो, भूकंपानंतर आपण वानुआतूला पाच लाख डॉलरचे साहाय्यही दिले. एवढा स्नेह असताना एक साधी व्यवस्था मागून घेण्यास संकोच कसला? वानुआतूच्या नागरिकत्व आयोगाने भारतीय अर्जदाराबद्दल इंटरपोलबरोबर दिल्लीलाही विचारावे आणि दिल्लीने त्याचे उत्तर ठरलेल्या मुदतीत द्यावे. यातील दुसरा भाग पहिल्यापेक्षा कठीण आहे, हे आम्ही जाणून आहो. इंटरपोलने आपली विनंती दोनदा पुराव्याअभावी परत केली, हा दोष पोर्ट व्हिलाचा नव्हे. ललित मोदी यांनी भारत सोडला २०१० साली. त्यांच्याविरुद्धचे कागद परक्या यंत्रणेला पटतील असे तयार करण्यास पंधरा वर्षे अपुरी का पडली, याचा जाब संसदेत विचारला गेला पाहिजे, आणि तो वानुआतूच्या पंतप्रधानांना नव्हे, आपल्या गृहखात्याला व अर्थखात्याला विचारला गेला पाहिजे.